तोंडाचा कर्करोग : विषाणू, प्रथिने आणि वेळीच तपासणी

तोंडाचा कर्करोग एका दिवसात उद्भवत नाही. गालाच्या आतील बाजूस किंवा जिभेच्या कडेला पांढरा अथवा लाल चट्टा उठतो. तो बहुधा दुखत नाही आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. अशा काही चट्ट्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. या काळात पेशींमध्ये काय घडते, हे आता बऱ्याच अंशी उलगडले आहे.

पेशींच्या वाढीवर काही प्रथिने पहारा ठेवतात. १९७९ साली शोध लागलेले 'पी-५३' हे त्यांपैकीच एक होय. पेशीतील जनुकद्रव्यास इजा झाल्यास ते विभाजन थांबविते. दुरुस्ती अशक्य असल्यास ती पेशी नष्ट करविते. तंबाखूतील घातक द्रव्यांमुळे या प्रथिनाचे जनुकच बिघडले, की पहारा उठतो आणि सदोष पेशी वाढत जातात.

'ह्यूमन पॅपिलोमा' विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार हीच हानी निराळ्या मार्गाने करतो. त्याचे 'ई-६' प्रथिन पी-५३ चा नाश घडवून आणते, तर 'ई-७' हे 'आरबी' नावाच्या दुसऱ्या पहारेकरी प्रथिनास निष्प्रभ करते. त्यामुळे पेशीत 'पी-१६' या प्रथिनाचे प्रमाण वाढते. टॉन्सिल व जिभेचे मूळ येथील कर्करोग विषाणुजन्य आहे काय, हे ठरविण्यास ही खूण उपयुक्त आहे. गाल व हिरड्यांच्या कर्करोगात मात्र ती तितकी विश्वसनीय नाही. भारतात त्याची मुख्य कारणे तंबाखू व सुपारी हीच आहेत. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक असते.

प्रथिनांची तपासणी प्रयोगशाळेतच होते. परंतु पहिली तपासणी पुरेसा उजेड व शिकविलेली नजर यांवर होऊ शकते. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी १९९६ पासून ग्रामस्थांची तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले.

यास्तव दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, चट्टा किंवा तोंड उघडण्यास होणारी अडचण दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी. चट्टा दुखेपर्यंत थांबणे म्हणजे उपचाराची सर्वोत्तम वेळ गमावणे होय.