एका घरातल्या दोन वाटा

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक हे दोघेही ख्रिस्ती झाले, पण एका दिवशी नाही, एका कारणाने नाही आणि एका रस्त्याने तर नाहीच. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली राहुरीला. मधल्या पाच वर्षांत या संसाराचे काय झाले, ते मराठी वाचकाला लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे ठाऊक आहे. श्रद्धा माणसाला कशी सापडते आणि सोबत तिच्या आधी येते की नंतर, याचा इतका प्रांजळ दाखला मराठीत दुसरा सापडणे कठीण.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आई लहानपणीच गेली, वडिलांशी पटले नाही आणि मुलाने घर सोडले. नाशिकला त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. पुढे एका गावी स्थिर राहणे त्यांना जमले नाही. कीर्तने, शिक्षकी, कविता, संपादन असे काही ना काही सतत चाललेले असे. घरातून न सांगता निघून जायचे आणि मनात येईल तेव्हा परतायचे, ही त्यांची रीत होती. १८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले त्यांच्याशी लग्न होऊन लक्ष्मीबाई झाल्या. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. सासरी नवरा कधी घरात असेल याचा भरवसा नाही. उद्याचे आज माहीत नसणे हेच त्यांच्या संसाराचे मुख्य लक्षण होते.

टिळकांच्या आयुष्याला वळण लागले ते आगगाडीत. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबलचा 'नवा करार' ठेवला आणि तो वाचलात तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. हा माणूस कोण, हे टिळकांना पुढेही कळले नाही. वाचण्याचा त्याला दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक उघडले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थबकले. शत्रूवर प्रेम करा, सूड घेऊ नका, दान गुपचूप करा, ही त्या तीन अध्यायांची शिकवण. हिंदू समाजातल्या जातिभेदाने आणि कर्मकांडाने अस्वस्थ झालेले टिळक धर्माकडे ज्या प्रश्नांची उत्तरे मागत होते, ती त्यांना तिथे मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ब्राह्मण घरात हे घडणे म्हणजे माणूस जिवंतपणी हातचा जाणे. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, होता. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढताना त्यांचा बराच काळ पंढरपुरात गेला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने दुःखाच्या त्याच दिवसांत कविता केल्या. टिळक पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले. धर्म बदलला तरी बायको सोडायची नाही, तिच्यावर धर्म लादायचाही नाही, हे त्यांनी ठरवले होते. त्यांच्या साऱ्या प्रचारकार्यापेक्षा हा निश्चय मोठा मानावा लागेल, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे राहिले.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. त्यांचे अन्न वेगळे, पाणी वेगळे, देव वेगळे. घर मात्र एक. टिळकांनी त्यांचे सोवळे सांभाळू दिले. वादाने जे झाले नसते ते सहवासाने होऊ लागले. ज्या ख्रिस्ती माणसांचा विटाळ मानायचा, ती प्रत्यक्षात कशी वागतात, हे त्या रोज पाहत होत्या. आधी त्यांच्या मनातून जात गेली. माणसामाणसांतला भेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच शोधले आणि मग कुणाच्याही हातचे पाणी प्यायला त्या तयार झाल्या. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यानंतर आली. टिळकांना एका अनोळखी सोबत्याने दिलेल्या पुस्तकातून धर्म भेटला, तर लक्ष्मीबाईंना तो ओळखीच्या माणसांच्या वागण्यातून भेटला.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांनी मराठी भक्तीची परंपरा सोडली नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन हे वारकऱ्यांचे घाट त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांची 'अभंगांजली' त्याच वाटेवरची. पाश्चात्त्य चालींच्या भाषांतरित गीतांवर चाललेल्या मराठी चर्चला त्यांच्या रचनांनी आपला सूर दिला आणि त्या आजही गायल्या जातात. ख्रिस्ती होण्यासाठी परके व्हावे लागत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. स्वतःच्या घरात वेगळी चूल मांडू देणाऱ्या माणसाला अशी कल्पना सुचावी, यात नवल नाही.

लक्ष्मीबाईंचे घरही तसेच होते. दुष्काळात निराधार झालेल्या मुलांना त्यांनी माया दिली. कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, टिळकांच्या घरी राहत असत. ते ख्रिस्ती झाले नाहीत, तशी कुणी अपेक्षाही धरली नाही, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा त्यांचा संकल्प, 'ख्रिस्तायन', जेमतेम सुरुवातीच्या अकराएक अध्यायांवर थांबला होता. लक्ष्मीबाईंनी तो हाती घेतला. जोडाक्षरांशी शेवटपर्यंत झगडणाऱ्या या बाईने पुढचे ६४ अध्याय रचले. १९३६ साली त्या गेल्या, तेव्हाही काव्य पुरे झालेले नव्हते. शेवटचा, ७६ वा अध्याय त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी लिहिला.