बीबीच्या मागचे तिघे

ब्लूजची सगळ्यात गाजलेली लाइव्ह रेकॉर्ड कोणती, असं चार रसिकांना विचारलं तर तिघे तरी ‘लाइव्ह ॲट द रीगल’चं नाव घेतील आणि चौथा निव्वळ वाद घालायचा म्हणून दुसरं काही सांगेल. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरात बी. बी. किंगचा कार्यक्रम झाला, त्याचं हे ध्वनिमुद्रण. पुढच्या वर्षी ते बाजारात आलं. उणीपुरी ३५ मिनिटं. साठ वर्षं उलटली तरी गिटार शिकणारी पोरं त्यातली एकेक सुरावट अजून घोटत बसतात. बीबीच्या गिटारीचं, ‘ल्यूसिल’चं, कौतुक तर इतकं झालं की तिच्या नावाची कथा ब्लूज न ऐकणाऱ्यांनाही पाठ आहे.

पण ती रेकॉर्ड आज पुन्हा लावली की माझं लक्ष दुसरीकडेच जातं. निवेदक बीबीचं नाव पुकारतो, बायका किंचाळतात, आणि त्या गलक्यातून बँड जो उसळी घेतो तो हॉर्न सेक्शनच्या जोरावर. ट्रम्पेटवर केनेथ सँड्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉनी बोर्ड आणि बॉबी फोर्टी. फक्त तिघे! थिएटरभर दहा-बाराजण फुंकताहेत असं वाटावं इतका भरीव आवाज. बीबीचे चाहते पन्नास वर्षं ज्याला गिटारीची जादू म्हणत आले, तिच्यातला निदान अर्धा वाटा या तिघांचा आणि त्यांच्या जागी पुढेमागे आलेल्यांचा आहे, असं माझं मत होत चाललंय.

मुळात बीबीला हवा होता तो मोठा बँडच. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या, ट्रॅक्टर चालवणाऱ्या या मुलाच्या मनात एकट्याने गिटार घेऊन ओसरीवर गाणारे खेडवळ गायक होतेच, पण त्याच मनात काउंट बेसीचा ऑर्केस्ट्रा आणि लुई जॉर्डनचा झुलता सॅक्सोफोनही होता. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवर तो रेकॉर्ड लावायचा, तेव्हा हे सगळं त्याने भरपूर ऐकलं. १९५२च्या सुरुवातीला ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि मोठ्या शहरांतल्या कृष्णवर्णीयांच्या थिएटरांचे दरवाजे उघडले. आधी काही काळ दुसऱ्यांच्या बँडसोबत गाणं झालं. १९५५मध्ये त्याने स्वतःचा बँड उभा केला, वाहून न्यायला बस घेतली. ‘बिग रेड’ असं तिचं नाव. १९५६ या एका वर्षात त्याचे ३४२ कार्यक्रम झाले. दर रात्री नवं गाव. गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळायची नाही आणि खानावळीत पुढच्या दाराने आत जायची सोय नव्हती, म्हणजे बरेचदा झोपायचं बसमध्येच.

१९५८मध्ये टेक्सासात या बसची गॅसच्या ट्रकशी टक्कर झाली. बीबी स्वतः त्या वेळी बसमध्ये नव्हता, पण बसचा विमा नेमका त्याच सुमाराला रद्द झालेला, आणि भरपाईचं ओझं त्याच्यावर आलं. ते कर्ज फेडण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. खर्च कमी करायचा तर पहिली कात्री हॉर्न्सवर चालते, हे कुठलाही बँडवाला सांगेल. गाणं गिटार, बास आणि ड्रमवरही निभतं. शिकागोत मडी वॉटर्सने हार्मोनिका आणि गिटारच्या बळावर साम्राज्य उभं केलंच होतं. बीबीने माणसं कमी केली, पण हॉर्न्स सोडले नाहीत.

याचं कारण भावनेचं कमी आणि कारागिरीचं जास्त. बीबी कॉर्ड वाजवत नसे. आपल्याला ते नीट जमत नाही, हे तो हसत हसत सांगायचा. शिवाय गाताना तो गिटार वाजवत नसे आणि गिटार वाजवताना गात नसे. एक ओळ गायची, थांबायचं, मग ल्यूसिलकडून उत्तर घ्यायचं. आता बारा मापांच्या ब्लूजमध्ये गाण्याची ओळ साधारण दोन मापांत संपते आणि पुढची दोन मोकळी राहतात. साथीला दुसरा गिटारवाला नाही. अशा वेळी गाण्याच्या अंगावर मांस चढवणार कोण? पियानो आहे, पण हजारोंच्या गोंगाटात १९६४चा पियानो कितीसा पोचणार. म्हणून ट्रम्पेट वरचा स्वर धरतो, दोन टेनर खालचे दोन, आणि तिघे मिळून ती कॉर्ड उभी करतात जी बीबी वाजवत नाही. कधी ते लांब स्वर धरून गालिचा अंथरतात, कधी छोटीशी सुरावट पुन्हा पुन्हा घोळवतात, तर कधी एकच ठोसा मारून गप्प होतात.

यात शिस्त फार लागते. रीगलच्या रेकॉर्डमध्ये ‘स्वीट लिटल एंजल’ सुरू होतं तेव्हा टाळ्या अजून विरलेल्या नसतात. बीबी गिटारीचा एक स्वर थरथरवतो आणि हॉर्न्स अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ गुणगुणल्यासारखे मागे उभे राहतात. तो जरा वर गेला की तेही वर. त्याचा आवाज फाटायला आला की ठोसा. हे सगळं लिहून दिलेलं नसतं. ‘वोक अप धिस मॉर्निंग’मध्ये लॅटिन वळणाचा ठेका अचानक झुलत्या स्विंगमध्ये पलटी घेतो, त्या क्षणी ड्रमवरचा सनी फ्रीमन आणि हॉर्न्स एकाच श्वासात वळतात. रोज रात्री एकत्र वाजवल्याशिवाय हे अंगात मुरत नाही.

आणि मग प्रेक्षक. रीगल हे ४७व्या रस्त्यावरचं, शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीचं मानाचं थिएटर. १९२८पासून ड्यूक एलिंग्टनपासून सगळे तिथे गाऊन-वाजवून गेलेले. इथला श्रोता पैसे देऊन शांत बसायला येत नसे. ‘हाउ ब्लू कॅन यू गेट’मध्ये नायक आपण बाईसाठी काय काय केलं याची यादी वाचतो, दर वेळी तिच्याकडून नवा अपमान. शेवटी मुलांचा विषय येतो आणि सभागृह अक्षरशः फुटतं. त्या किंकाळ्या विनोदाला आहेत की दुःखाला, सांगता येत नाही, बहुधा दोन्हींना. आपल्याकडे संगीत नाटकाचा प्रेक्षक एखाद्या पदाला वन्समोर घेऊन नटाला आणखी फुलवायचा, तसं इथे प्रत्येक ओळीला घडतं. फरक असा की इथे त्या दादेला उत्तर बीबीच्याही आधी हॉर्न्सकडून मिळतं. किंकाळी उठली की ठोसा येतो, ठोसा आला की आणखी मोठी किंकाळी. म्हणून रेकॉर्डमधला तो जल्लोष मागचा गोंगाट वाटत नाही, बँडचाच एक वादक वाटतो. स्वतः बीबीला या रेकॉर्डचं एवढं कौतुक पटत नसे. याहून चांगले कार्यक्रम आपण कितीतरी केलेत असं त्याचं म्हणणं. खरंही असेल. ते मुद्रित झाले नाहीत, एवढंच.

त्याच काळात हॉर्न्सवर बीबीपेक्षाही जास्त विसंबून असणारा एक गायक होता, बॉबी ‘ब्लू’ ब्लँड. हा कुठलंच वाद्य वाजवत नसे. एके काळी बीबीची गाडी चालवलेली, पुढे त्याच्याच तोडीचा झाला. त्याच्या मागे ट्रम्पेटवादक आणि संयोजक जो स्कॉट उभा होता. १९६१च्या ‘टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज’मध्ये आणि ‘टर्न ऑन युवर लव्ह लाइट’मध्ये स्कॉटचे हॉर्न्स ऐकले की वाटतं, यांना बाजूला काढलं तर गाणं कोसळेल. बीबीच्या बाबतीत तसं होत नाही, ल्यूसिल सावरून घेते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये ब्लँडवर जीव टाकणारे बीबीच्या चाहत्यांहून कमी नसावेत. पण गोऱ्या रॉक श्रोत्यांनी बीबीला डोक्यावर घेतलं आणि ब्लँडला जवळजवळ ओळखलंच नाही. त्याच्या हातात गिटार नव्हती, हे त्यामागचं एक मोठं कारण.

साठच्या दशकाच्या मध्याला बीबी अडचणीत होता. कृष्णवर्णीय तरुणांना आता सोल हवं होतं. ब्लूज त्यांना आजोबांचं, गुलामीच्या आठवणींचं वाटे. एका थिएटरात सोलच्या गायकांबरोबरच्या कार्यक्रमात तर पोरांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग फेब्रुवारी १९६७मध्ये त्याची बस सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर ऑडिटोरियमसमोर थांबली आणि बाहेर लांब केसांची गोरी पोरं पाहून आपण चुकीच्या जागी आलो असं त्याला वाटलं. तिथला आयोजक बिल ग्रॅहमने नाव पुकारलं, आणि एक स्वरही वाजायच्या आधी सगळं सभागृह उभं राहिलं. पुन्हा डोळ्यांत पाणी, या वेळी वेगळं.

इथून बीबीच्या कौतुकाची भाषा बदलली. रीगलच्या बायका त्याच्या शब्दांना किंचाळत होत्या, फिलमोरची पोरं त्याच्या डाव्या हाताच्या थरथरीकडे डोळे लावून होती. त्यांच्या लेखी ब्लूज म्हणजे गिटार. हॉर्न्स त्यांना नाइटक्लबी, सूटबुटातले, जरा जुनाट वाटत. पण बीबीला फिलमोरपर्यंत आणण्यासाठी ज्याने सर्वांत जोर लावला, त्या गिटारवादक माइक ब्लूमफील्डला मात्र हॉर्न्सचं मोल नेमकं कळलं होतं. त्याच वर्षी त्याने पॉल बटरफील्डचा बँड सोडून ‘इलेक्ट्रिक फ्लॅग’ उभा केला तो हॉर्न सेक्शनसकट, आणि जूनमध्ये माँटेरेच्या महोत्सवात तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला. बटरफील्डनेही तेव्हाच हॉर्न्स घेतले. १९६९ला वुडस्टॉकच्या शेवटच्या सकाळी त्याचा बँड वाजला, त्यात सॅक्सोफोनवर तरुण डेव्हिड सॅनबॉर्न होता. या काळाबद्दल लिहिणारे बहुतेकजण हे प्रकरण दोन ओळींत उरकतात. कारण त्यांना बटरफील्ड म्हणजे ब्लूमफील्डच्या गिटारीचा काळ एवढंच आठवतं.

१० सप्टेंबर १९७०ला बीबी शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात वाजवायला गेला. समोर दोन हजारांहून जास्त कैदी, बहुतेक कृष्णवर्णीय तरुण. रेकॉर्डच्या सुरुवातीला अधिकाऱ्यांची नावं पुकारली जातात आणि कैदी त्यांची मनसोक्त हुर्यो उडवतात. असलं स्वागत दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डवर मी ऐकलेलं नाही. मागे पुन्हा तिघेच: ट्रम्पेटवर जॉन ब्राउनिंग, टेनरवर लुई ह्यूबर्ट, आल्टोवर बुकर वॉकर. ‘द थ्रिल इज गॉन’ने तेव्हा नुकतंच बीबीला रेडिओवर सगळीकडे नेलं होतं, आणि मूळ गाण्यात व्हायोलिनांचा ताफा आहे. तुरुंगात व्हायोलिन कुठून येणार? ती जागा तीन हॉर्न्सनी भरली. मला विचाराल तर जास्त चांगली भरली. व्हायोलिन त्या गाण्याला हळहळ देतात, हॉर्न्स धमकी देतात.

पुढची चाळीस वर्षं भराभर सांगण्यासारखी आहेत, कारण तोवर साचा ठरून गेला होता. आधी बँड एक-दोन गाणी वाजवणार, प्रत्येक हॉर्नवादकाला सोलोची जागा मिळणार, मग बीबी येणार. १९७४ला किन्शासात, मग कॅसिनोंत, विद्यापीठांत, व्हाइट हाउसमध्ये. १९९०ला न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात पियानोवादक जीन हॅरिसचा अख्खा बिग बँड मागे घेऊन त्याने मुद्रण केलं आणि काउंट बेसीसारख्या ऑर्केस्ट्राचं आपलं जुनं स्वप्न पुरं करून घेतलं. ती रेकॉर्ड भव्य आहे, पण तिघांची धार तिला नाही. पुढच्या काळात ट्रम्पेटवादक जेम्स बोल्डन बँडप्रमुख होता. तो मंचावर नाचायचा, वाकून हातवारे करायचा, आणि खुर्चीत बसून वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बीबीच्या वाटची धावपळ करून टाकायचा. लोक त्यालाही टाळ्या देत, त्याचं नाव मात्र घरी जाऊन कुणाला आठवत नसे.

३ ऑक्टोबर २०१४ला बीबीचा शेवटचा कार्यक्रम झाला, तोही शिकागोतच. रीगल थिएटर त्याआधी चार दशकं, १९७३लाच, पाडलं गेलं होतं. १४ मे २०१५ला लास व्हेगासमध्ये बीबी गेला. मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरून अंत्ययात्रा निघाली तेव्हा ल्यूसिल हातात घेऊन चालला होता तो बॉबी ब्लँडचा मुलगा रॉड.

हॉर्न्स घेऊन वाजणारा ब्लूज आपल्याकडेही ऐकायला मिळाला. मुंबईत २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव भरू लागला, पहिल्याच वर्षी बडी गाय आला. पुढे टेडेस्की ट्रक्स बँडही येऊन वाजवून गेला. आज तीन हॉर्नवादकांना कायम पगारावर ठेवून जगभर हिंडणाऱ्या मोजक्या मोठ्या बँडांपैकी तो एक. विमानाची तीन तिकिटं, हॉटेलच्या खोल्या, महिन्याचे पगार असा हिशोब घातला की इतर बँड गिटारवर का भागवतात ते कळतं.

नव्याने ऐकणाऱ्याला मी मात्र रीगलऐवजी ‘ब्लूज इज किंग’ सुचवीन. १९६६च्या नोव्हेंबरातलं, पुन्हा शिकागोतलंच, पण एका क्लबातलं मुद्रण. हॉर्न्स आता दोनच, सँड्स आणि फोर्टी, सोबतीला ड्यूक जेथ्रोचं ऑर्गन. सगळं जास्त कच्चं, जास्त जवळचं. त्या रात्री बास वाजवत होता लुई सॅटरफील्ड. त्याने पुढे ट्रॉम्बोन हाती घेतला, ‘अर्थ, विंड अँड फायर’च्या हॉर्न सेक्शनमध्ये गेला, आणि त्याच चमूने ऐंशीच्या दशकात फिल कॉलिन्सच्या ‘सुसूडिओ’त फुंकलं. म्हणजे ज्यांनी बीबीचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्या कॅसेटमध्येही त्याच्या मागच्यांपैकी एकजण वाजतच होता.