एअर सस्पेन्शन आणि आतून झिजणारा टायर

एअर सस्पेन्शनच्या कारमध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. फुग्यातून हवा गळली की गाडी खाली बसते आणि चाक वरच्या बाजूने आत कलतं. यालाच निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. चपलेची टाच एकाच बाजूने झिजते ना, तसा टायर आतल्या कडेने झिजतो. बाहेरून मात्र नवाकोरा दिसतो! म्हणून आधी गाडीची उंची कंपनीने दिलेल्या मापाला आणायची, मगच अलाइनमेंट. नाहीतर पैसे वाया. मुलांना घेऊन लांब निघण्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरची आतली कड टॉर्चने बघा. खाचांमधल्या १.६ मिमीच्या खुणेपर्यंत रबर झिजलं असेल, तर टायर बदलाच. पावसात पाणी बाहेर काढायला तिथे पुरेशी खोल खाच उरलेली नसते.