तारेला कान कुठे लावायचा?

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम असला, की टाळ्या गायकाला मिळतात. खुर्चीखालची जमीन मात्र हलवतो तो बेस गिटारवाला. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा कंप पावते. तंबोऱ्यासारखा पोकळ भोपळा या वाद्याला नाही. तारांखाली असतो पिकअप: चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेनं 1831मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच.

हा पिकअप नेमका कुठे बसवायचा, यावर बेसवाले तासन्‌तास भांडू शकतात. तार मूळ स्वराबरोबरच दोन, तीन, चार भागांतही थरथरते आणि त्यातून उपस्वर निघतात. दोन भागांच्या सांध्यावर मात्र ती स्थिर असते. शाळेच्या पुस्तकातला निस्पंद बिंदू तो हाच. पिकअप त्याच्याखाली आला, की तो उपस्वर त्याला ऐकूच येत नाही. पाचव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या पाचव्या आडव्या पट्टीच्या, बरोबर वर बोट नुसतं टेकवून तार छेडा आणि बोट उचला. चौथा उपस्वर घंटेसारखा वाजेल. घोडीजवळचा पिकअप तो खणखणीत देतो. बेसची तार बहुधा 86.4 सेंटिमीटरची, घोडीपासून पाव अंतरावर, म्हणजे 21.6 सेंटिमीटरवर पिकअप असेल, तर तो जवळपास गप्प. अगदीच गप्प नाही, कारण तो एका बिंदूपुरतं नव्हे, तारेच्या थोड्या लांबीवर ऐकतो.

मग निस्पंद चुकवणारी एखादी हुकमी जागा असेलच की? नाही. बाराव्या फ्रेटवर तार दाबा. ती अर्धी होते आणि तेच 21.6 सेंटिमीटर आता बरोबर मध्यावर येतं. चौथा तर गेलाच, दुसरा उपस्वरही गेला. प्रत्येक फ्रेटला हिशेब नवा. उरतो तो ढोबळ नियम: घोडीजवळ आवाज टोकदार पण क्षीण, मानेकडे गोल आणि भरदार. फेंडर कंपनीच्या 1951च्या प्रिसिजन बेसला एकच पिकअप होता. 1960च्या जाझ बेसला दोन आले. दोन्ही एकदम चालू केले, की काही उपस्वर एकमेकांना खोडतात. सत्तरच्या दशकात त्यातला घोडीकडचा पिकअप सुमारे सेंटिमीटरभर घोडीकडे सरकवला गेला. त्या सेंटिमीटरवरचा वाद अजून मिटलेला नाही.

तार जिथे छेडाल, तिथे निस्पंद असलेले उपस्वर निघतच नाहीत, हा थॉमस यंग यांचा जुना नियम. बेस तो पाळतो, तंबोरा मोडतो. सी. व्ही. रामन यांनी 1921मध्ये हे दाखवलं. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित बाकदार घोडीवर तार टेकत-सुटत राहते आणि हरवलेले उपस्वर परत येतात. मिरजेचे कारागीर, ज्यांच्या सतार-तंबोऱ्यांना 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, घोडी घासून जवारी लावतात ती यासाठीच. बेसच्या घोडीला असा बाक नसतो, त्यामुळे तिथे सगळी भिस्त पिकअपच्या जागेवर.

तेव्हा स्वतःच्या बेसवर पिकअप बसवायचा असेल, तर आकडेमोडीवर विसंबून लाकूड कोरू नका. पिकअप ॲम्पला जोडा, तारांच्या वर उलटा धरून सरकवत राहा आणि कुणाला तरी वेगवेगळ्या फ्रेटवर वाजवायला सांगा. कानाला पटेल तिथे पेन्सिलीची खूण करा, मगच पटाशी हातात घ्या.