संकटकाळी ईश्वरावरील विश्वास आणि मनाचे स्थैर्य

॥ श्री ॥



घरात दीर्घ आजारपण येते, हाती आलेले सोयाबीन अवकाळी पावसात कुजते, घरातले कर्ते माणूस अकाली जाते. अशा वेळी "इतकी सेवा केली, तरी देवाने असे का केले?" हा प्रश्न भक्ताच्या ओठी येतो. असा प्रश्न पडणे म्हणजे श्रद्धा नसणे नव्हे. मात्र ईश्वरावर विश्वास ठेवणे म्हणजे नेमके काय, याचा विचार त्या निमित्ताने अवश्य व्हावा.

सिमरोलचा घाट उतरून आपण ओंकारेश्वरी नर्मदामाईच्या दर्शनास जातो. त्याच नर्मदेच्या काठी, प्रवाहाच्या दिशेने पुढे महेश्वर आहे. तेथून माळव्याचा कारभार पाहणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे जीवन हेच या प्रश्नाचे आपल्या सर्वांत जवळचे उत्तर होय.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे 1725 मध्ये त्यांचा जन्म झाला. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले व पुढच्याच वर्षी एकुलते पुत्र मालेराव निवर्तले. याच काळात दौलत गिळंकृत करण्याचे डाव रचले गेले. तेव्हा अहिल्यादेवी केवळ देवघरात बसून राहिल्या नाहीत. त्यांनी सैन्य सज्ज केले, पेशव्यांची मान्यता मिळवली, तुकोजीरावांकडे फौज सोपवली आणि 1795 पर्यंत राज्य सांभाळले.

हे बळ कोठून आले? राज्य आपले नसून शंकराचे आहे व आपण केवळ त्याच्या विश्वस्त आहोत, अशी त्यांची धारणा होती. आज्ञापत्रांवर त्या स्वतःच्या नावाऐवजी 'श्री शंकर' असे लिहवीत. सत्तेच्या प्रत्येक वापराचा जाब ईश्वरापुढे द्यावयाचा आहे, ही जाणीव त्यांनी कधी सोडली नाही. सर जॉन माल्कम यांनी 1823 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांची दिनचर्या नोंदवली आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, श्रवण, अन्नदान, दुपारी दोननंतर सायंकाळपर्यंत दरबार, पुन्हा पूजा आणि रात्री परत कामकाज, असा हा नेम वर्षानुवर्षे चालला.

श्रद्धेमुळे दुःख टळते, असे मात्र समजू नये. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्या. आईने परोपरीने विनविले; परंतु मुलीचा निश्चय ढळला नाही. माल्कम लिहितात, की त्यानंतर तीन दिवस अहिल्यादेवींनी अन्न घेतले नाही व त्यांच्या मुखातून शब्द फुटला नाही. पुढे त्या सावरल्या आणि दिवंगतांचे स्मारक उभारण्यात त्यांनी समाधान शोधले. ज्यांनी 1780 मध्ये काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, त्यांच्याही वाट्याला हे आले. देवाशी त्यांचा व्यवहार देवघेवीचा नव्हता, म्हणूनच या आघातानंतरही तो तुटला नाही.

यातून आपण काय घ्यावे? पहिले असे, की नवस फळला तरच देव खरा, ही अट सोडावी. दुसरे, संसार, संपत्ती व संतती ही ईश्वराची ठेव मानून तिची काळजी वाहावी. तिसरे, संकटातही नित्यनेम मोडू नये. मन सैरभैर झाले असता ठरलेल्या वेळेची आरती किंवा जप हाच आधार ठरतो. चौथे, प्रयत्न सोडू नयेत. रुग्णाला औषध वेळेवर द्यावे, कर्जाचा हिशेब मांडावा, जाणत्यांचा सल्ला घ्यावा. शोक आवरेनासा झाला, तर रडावे; तीन दिवसांचे मौन पुण्यश्लोकांनाही चुकले नाही.

सर्व सभासदांना एकच विनंती आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आल्यास "देवावर विश्वास ठेवा" एवढे सांगून परतू नये. त्या घरी दोन वेळचा डबा पोहोचवावा, दवाखान्यात सोबत बसावे. खचलेल्या माणसाला देवाचा आधार बहुधा माणसांच्याच हातून मिळतो.

श्रीचरणी सर्वांच्या क्षेमाची प्रार्थना.

आपला नम्र,
सचिव