मुलांबरोबर आईचीही फी

मैत्रिणींनो, रस्त्यावरून घंटा वाजवीत आगीचा बंब गेला की आपण काय करतो? पोळी तव्यावर तशीच टाकून गॅलरीत धावतो, ‘कुठं लागली हो?’ म्हणून शेजारणीला विचारतो. आग विझली की विसरूनही जातो. त्या बंबावर उभ्या असलेल्या माणसाची घरी कुणी तरी ताट मांडून वाट पाहत असेल, हे काही आपल्या मनात येत नाही.

माझ्याही येत नव्हतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील आग विझवताना गेले. आम्ही शिक्षिका भेटायला गेलो, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. पुढं समारंभ झाला, तिच्या आईला शाल दिली. मुलीची फी कुणी ना कुणी भरत राहिलं. वर्षभरानं तिची आई निकालाला शाळेत आली आणि सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, “बाई, पोरीचं शिक्षण होईल हो. पण मी बारावीवर अडले. ह्यांच्या मागं अनुकंपेवर नोकरी मिळेल म्हणतात, पण ती माझ्या शिक्षणाच्या मानानंच ना! मला शिकायला कोण पैसे देणार?”

मला उत्तर देता आलं नाही. मुलांची फी भरावी हे सगळ्यांना सुचतं. आईचीही भरावी, हे मलासुद्धा सुचलं नव्हतं.

उत्तर सापडलं ते नणंदेशी बोलताना. ती अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या एका लहान गावी असते. तिथं गावोगावचे बंबवाले पुष्कळदा स्वयंसेवक असतात. दिवसा कुणी दुकान चालवतो, कुणी नळ दुरुस्त करतो. भोंगा झाला की हातातलं काम टाकून धावतो. “मग अशा माणसाचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांचं काय?” मी विचारलं. तेव्हा तिनं त्या राज्याच्या स्मृती-शिष्यवृत्तीची माहिती सांगितली.

कर्तव्यावर असताना मृत्यू पावलेल्या अग्निशमन जवानाच्या, मग तो पगारी असो वा स्वयंसेवक, कुटुंबासाठी ही शिष्यवृत्ती आहे. पोलीस आणि रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्या कुटुंबांनाही ती मिळते. आणि कुटुंब म्हणजे कोण? मुलं, पत्नी किंवा पती, आणि त्या माणसाच्या कमाईवर अवलंबून असलेली इतर माणसं. म्हणजे मुलांच्या बरोबरीनं त्यांची आईही!

शिष्यवृत्तीत काय काय येतं, तेही ऐकण्यासारखं आहे. सरकारी विद्यापीठात शिकलं तर पूर्ण फी मिळते. वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च, पुस्तकं, जाण्यायेण्याचे पैसे, हेही धरलेले असतात. घरून ये-जा केली तरी राहण्या-जेवणासाठी काही रक्कम मिळतेच. खासगी महाविद्यालयात गेलं तर सरकारी विद्यापीठाच्या हिशेबानं पैसे देतात. पदवीची चार वर्षं, अभ्यासक्रमच पाच वर्षांचा असला तर पाच. अट अशी की राहायला त्याच राज्यात हवं आणि पूर्णवेळ शिकायला हवं. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यू यॉर्क शहराच्या अग्निशमन दलातली ३४३ माणसं गेली. त्या दिवशी बळी पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी राज्यानं अशीच एक वेगळी शिष्यवृत्तीही सुरू केली.

तिथल्या केंद्र सरकारचाही १९७६चा कायदा आहे. त्यानं अशा घरांना एकरकमी मदत मिळू लागली. १९९८ पासून शिक्षणासाठीही पैसे मिळू लागले, जास्तीत जास्त ४५ महिन्यांच्या पूर्णवेळ शिक्षणापर्यंत. मुलांना वयाची सत्तावीस वर्षं ही मर्यादा. पत्नीला मात्र ती कधीही घेता येते. हे मला फार समजूतदारपणाचं वाटलं. पोरं मार्गी लागेपर्यंत बाईला पुस्तक हातात धरायला उसंत कुठं असते?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं कौतुक आम्हांला काय करायचंय? पण असे प्रसंग आपल्याला का नवे आहेत? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीला आग लागली. बोटीत कापूस होता आणि दारूगोळाही होता. विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात गेले. म्हणून तर १४ एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन. २०१५च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीनं मुंबई दलाचे चार अधिकारी नेले. एकरकमी मदत, नोकरी, सन्मान हे सगळं हवंच. पण रक्कम घरभाडं, आजारपण, लग्नकार्य यांत संपते. बाईनं घेतलेलं शिक्षण संपत नाही.

तेव्हा दोन गोष्टी आजच करा. नवरा कुठल्याही नोकरीत असो, घरात एक जाड फाईल करा. विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, नोकरीचा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचे आणि विम्याचे कागद, आणि त्यांवर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहून ठेवा. अशुभ काय त्यात? आपण छत्री घेतो म्हणून का पाऊस पडतो?

दुसरी गोष्ट आपल्या नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असतं, रेशनकार्डावर सासरचं. अर्ज करायच्या वेळी ह्या दोघी एकच, हे कागदानं दाखवावं लागतं. नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद आणि विवाहाचा दाखला असला की हेलपाटे वाचतात. आणि माहेरी पडलेली गुणपत्रिका आधी घेऊन या!

त्या विद्यार्थिनीच्या आईचं काय झालं, हे विचाराल ना? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात घर सांभाळून बी. ए. करता येतं. तिनं नाव घातलं. पहिल्या वर्षाची फी आम्ही पाच जणींनी भिशीच्या पैशांतून भरली. आता मायलेकी एकाच दिव्याखाली अभ्यासाला बसतात, आणि पाढे पाठ नसले तर मुलगीच आईला रागावते!

तुमच्या महिला मंडळानं कधी अशा घरासाठी निधी जमवला, तर पावतीपुस्तकावर ‘मुलांच्या शिक्षणासाठी’ एवढंच छापू नका. त्यापुढं ‘आणि आईच्या’ हे दोन शब्द जरूर घाला.