रित्या पोथिलाचा गुरू

आषाढी पौर्णिमा ही आपल्याकडे व्यासपूजेची तिथी. याच पौर्णिमेस भगवान बुद्धांनी सारनाथ येथे पाच शिष्यांना पहिला उपदेश केला, अशी बौद्ध परंपरा आहे. ज्ञान देणाऱ्याचे स्मरण आपण करतोच. परंतु ज्ञान घेणाऱ्याची पात्रता कोणती, याचाही विचार या दिवशी व्हावा. धम्मपदाच्या पाली अट्ठकथेतील पोथिल स्थविरांची कथा या दृष्टीने मननीय आहे.

पोथिल हे त्रिपिटकाचे गाढे पंडित; पाचशे भिक्षूंना ते धर्म शिकवीत. तथापि ते दर्शनास आले की बुद्ध त्यांना ‘तुच्छ पोथिल’ म्हणून हाक मारीत. पालीत तुच्छ म्हणजे रिता. ग्रंथ मुखोद्गत, परंतु साधना नाही, हे त्या हाकेचे मर्म. ते पोथिलांच्या जिव्हारी लागले. पात्र-चीवर घेऊन ते 120 योजने दूर असलेल्या एका अरण्यविहारात गेले. तेथे 30 भिक्षू राहत. विद्वत्तेचा ताठा ओळखून ज्येष्ठ स्थविरांनी त्यांना आपल्याहून कनिष्ठाकडे पाठविले, त्याने त्याहून कनिष्ठाकडे. अखेरीस सात वर्षांचा एक श्रामणेर तेवढा उरला. तो सुईदोऱ्याचे काम करीत बसला होता. त्याच्यापुढे या वृद्ध आचार्यांनी हात जोडले.

श्रामणेराने प्रथम परीक्षा पाहिली. अंगावरील मूल्यवान चीवरानिशी जवळच्या तळ्यात उतरण्यास त्याने सांगितले. पोथिल निमूटपणे उतरले. वस्त्राची कड भिजताच त्याने त्यांना परत बोलाविले आणि दृष्टान्त दिला. सहा छिद्रांच्या वारुळात घोरपड शिरली, तर पाच छिद्रे बुजवून सहाव्यापाशी ती धरावी. त्याप्रमाणे पाच इंद्रियांची द्वारे आवरून मनाच्या द्वारी दक्ष राहावे.

एवढ्याने पोथिलांच्या अंतरी दिवा लागल्यासारखे झाले; कारण ते बहुश्रुत होते, असे कथाकार सांगतो. म्हणजे विद्येची निंदा येथे नाही. तेलवात सिद्धच होती. ज्योत लावून घेण्यासाठी वाकावे मात्र लागले. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तातही, वादात सरशी मिळविण्यासाठी धर्म शिकणाऱ्यास शेपटीकडून साप धरणाऱ्याची उपमा दिली आहे. साप उलटून डसतो. दोष त्याला धरण्याच्या रीतीचा.

आज घरोघरी ग्रंथांवर फुले वाहिली जातील. त्या वेळी, हे आपण दुसऱ्यावर मात करण्यासाठी वाचले की स्वतःला घडविण्यासाठी, एवढे मनाला विचारावे. आणि आपली उणीव दाखविणारा घरातील सर्वांत लहान असला, तरी त्याचे ऐकावे.